वस्तीची गाडी अजून आलेली नाही : कोकणातल्या एका गावातून जिल्हा प्रशासनास खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण यांस,

सविनय नमस्कार.

4 ऑक्टोबर 2021 पासून ग्रामीण भागातले पाचवी ते बारावीचे वर्ग सुरू करण्याचा शासनाचा निर्णय आमच्या ग्रामपंचायतीला वेळेवर कळला. त्या दिवशी पहाटे साडेपाचला नववीतली माझी नात आणि वाडीतल्या आणखी सहा मुली हातात बॅटऱ्या घेऊन घरातून निघाल्या. माध्यमिक शाळा बाजारपेठेच्या गावी आहे. ती गाडीरस्त्याने 9 किलोमीटरवर आणि रानातल्या पायवाटेने 7 किलोमीटरवर आहे, आणि साडेसातला भरते. मुली पोहोचल्या तेव्हा प्रार्थना होऊन गेली होती आणि त्यांचे कपडे गुडघ्यापर्यंत दवाने भिजलेले होते. शाळेच्या दारात शिपायाने त्यांचे तापमान मोजले, हातावर सॅनिटायझर दिले आणि एका बाकावर एक अशी बसवण्याची व्यवस्थाही तयार होती. नियमात लिहिलेले सगळे शाळेने चोख केले होते. मुलींनी शाळेपर्यंत यायचे कसे, हे मात्र नियमात कुठेच नव्हते.

रात्री गावात मुक्काम करून सकाळी शाळेच्या वेळेला सुटणारी एसटीची वस्तीची गाडी पुन्हा सुरू व्हावी म्हणून ग्रामपंचायतीने एसटीच्या आगाराकडे दोन अर्ज केले आणि तहसील कार्यालयाला एक निवेदन दिले. आगाराचे उत्तर एका ओळीचे आहे : ‘सदर फेरीस पुरेसे भारमान नसल्याने फेरी सुरू करणे तूर्त शक्य नाही.’ भारमान म्हणजे गाडी किती भरते ते. तहसील कार्यालयाचे उत्तर अद्याप आलेले नाही. म्हणून हे पत्र आपणांस लिहीत आहे, आणि ते उघडपणे लिहीत आहे. गावाचे आणि तालुक्याचे नाव मी मुद्दाम दिलेले नाही. नाव दिले की तेवढ्या एका गावाची चौकशी होते, त्याचा खुलासा मागवला जातो, आणि शेजारच्या चार गावांची हीच गोष्ट तशीच राहते, हे मी नोकरीत असताना पुष्कळदा पाहिले आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत 34 वर्षे शिकवले आणि मे 2019 मध्ये निवृत्त झाले. त्यानंतर दहा महिन्यांनी टाळेबंदी लागली. ग्राम कृती दलात लिहिण्यावाचण्याच्या कामाला कोणीतरी हवे म्हणून सरपंचांनी माझे नाव घातले. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील, आशाताई, अंगणवाडी सेविका आणि आम्ही दोघेतिघे, अशी ती समिती होती. मी आज जे लिहीत आहे ते बाहेर बसून पाहिलेले नाही. गाव बंद करणाऱ्यांत मी स्वतः होते, आणि म्हणूनच ते उघडण्याविषयी बोलण्याचा मला अधिकार आहे असे मला वाटते.

गाव बंद कसे झाले, ते थोडे सविस्तर सांगते. मे 2020 पासून मुंबईचे चाकरमानी यायला लागले. कोणी खाजगी गाडीने आले, कोणी टेम्पोत बसून आले, दोघे तर पनवेलहून चालत आले. ज्या शाळेत मी शेवटची अकरा वर्षे शिकवले तीच शाळा विलगीकरण कक्ष झाली. बाके व्हरांड्यात रचून ठेवली आणि वर्गात सतरंज्या अंथरल्या. फळ्यावर सुविचाराच्या चौकटीखाली मी माझ्याच अक्षरात नावांची यादी करत असे, त्यात नाव, आल्याची तारीख आणि सुटण्याची तारीख असे. आतल्या माणसांचे डबे घरचे लोक गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, ठेवून मागे सरत. ते गेले की आतला माणूस बाहेर येऊन डबा उचलत असे.

त्या दिवसांत आमच्याकडून चुकाही झाल्या, आणि त्या लपवून पुढचे लिहिणे बरे दिसणार नाही. नालासोपाऱ्याचा एक मुलगा वडील अत्यवस्थ आहेत हे कळून आला होता. नियमाप्रमाणे आम्ही त्याला शाळेत ठेवले. तिसऱ्या दिवशी त्याचे वडील गेले. त्याला घरी सोडावे की नाही याची सभा देवळाच्या सभामंडपात झाली, आणि सोडू नये असे ठरले. शाळेसमोरून स्मशानाकडे जाणारी पाणंद आहे. त्या पाणंदीने वडिलांना नेताना तो व्हरांड्यात रचलेल्या बाकांना धरून उभा होता. सभेत मी होते आणि गप्प बसले होते. माझ्या बोलण्याने निर्णय बदलला असता की नाही, ते मला माहीत नाही. पण तो मुलगा आता गावात येतो तेव्हा माझ्या घरावरून जात नाही, वरच्या वाटेने जातो.

हे सांगण्याचे कारण असे की, बंद करण्याचा सगळा भार शासनाने गावावर टाकला होता आणि गावाने तो उचलला, चांगल्या-वाईट सगळ्या अर्थांनी उचलला. कोणाला आत घ्यायचे, कोणाला किती दिवस ठेवायचे, कोणाच्या घरी धान्य पोहोचवायचे, कोणाशी भांडण ओढवून घ्यायचे, हे सगळे आमच्याकडे होते. 22 ऑगस्ट 2020 च्या गणपतीला 12 ऑगस्टपूर्वी येणाऱ्या चाकरमान्यांसाठी विलगीकरण 14 दिवसांऐवजी 10 दिवसांचे करण्यात आले. तो निर्णय मुंबईत झाला, पण आम्ही त्याआधीच 14 दिवसांचा फलक वेशीवर लावून बसलो होतो. आधी आलेल्यांना एक नियम आणि नंतर आलेल्यांना दुसरा, याचे उत्तर फलकाखाली उभे राहून आशाताईंना द्यावे लागले. चुलत्या-पुतण्यांत तेव्हा झालेली भांडणे यंदाच्या गणपतीतही पुरती मिटलेली नव्हती. गाव बंद करायचे होते तेव्हा किल्ली आमच्या हातात होती. उघडायची वेळ आली तेव्हा ती काढून घेतली गेली, आणि आमची तक्रार मुळात एवढीच आहे.

7 जून 2021 पासून निर्बंधांचे पाच स्तर ठरवण्यात आले. बाधितांचे प्रमाण आणि ऑक्सिजनच्या किती खाटा भरलेल्या आहेत यावरून स्तर ठरणार होता. त्यासाठी मोठ्या महानगरपालिका हे स्वतंत्र घटक मानले गेले आणि बाकीचा जिल्हा हा एक घटक. म्हणजे एका शहराची प्रकृती वेगळी मोजता येते, पण किनाऱ्यावरचे बंदर आणि घाटाखालची वाडी यांची प्रकृती एकच धरली जाते. आमच्या गावात जूनच्या मध्यानंतर एकही रुग्ण नव्हता. तरीही 2 ऑगस्टच्या आदेशात राज्याच्या बऱ्याच भागाला सवलती मिळाल्या, तेव्हा रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे तिन्ही जिल्हे तिसऱ्या स्तरातच राहिले. तिसऱ्या स्तरात दुकान दुपारी चारला बंद करायचे होते. आमच्याकडे ते लावणी उरकून बेणणी, म्हणजे तण काढणे, सुरू होण्याचे दिवस. शेतावरून माणूस सहाला घरी येतो आणि मग तेल-मिठाला निघतो. चारला बंद होणारे दुकान त्याच्या दृष्टीने दिवसभर बंदच असते. शेवटी आमच्या दुकानदाराने मागच्या पडवीतून सामान दिले, आणि आम्ही कृती दलाचे लोक ते न पाहिल्यासारखे करून गेलो. अव्यवहार्य नियम केला की तो पाळला जात नाही, आणि त्याच्याबरोबर पाळण्यासारख्या नियमांचा धाकही जातो. मुखपट्टी त्याच महिन्यात लोकांच्या गळ्यात उतरली.

गावाला विचारून उघडण्याचा प्रयत्न झालाच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. जुलै 2021 मध्ये, ज्या गावात महिनाभर रुग्ण नाही तिथे आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करण्यासाठी सरपंचांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि पालकांशी बोलून ठराव करायला सांगण्यात आले. या दोन वर्षांतला मला सर्वांत शहाणपणाचा वाटलेला निर्णय तोच. पण त्यातही एक मोठी अडचण होती. माध्यमिक शाळा असते एका गावात आणि मुले येतात आठ-दहा गावांतून. ठराव करायचा तो शाळा असलेल्या गावाने. ज्या गावांतून मुले चालत येणार त्या गावांना त्या समितीत जागा नव्हती. शिवाय शिक्षकांनी शक्यतो त्याच गावात राहावे किंवा सार्वजनिक वाहतुकीने येऊ नये, अशी सूचना त्यात होती. शिक्षक कसे येतील याचा विचार झाला होता, मग मुले कशी येतील हा प्रश्न त्याच कागदावर कोणाला कसा सुचला नाही, याचे मला आजही नवल वाटते.

आता गाडीविषयी. आमच्या गावाला वस्तीची गाडी होती. संध्याकाळी आठच्या सुमारास ती तालुक्याहून यायची, रात्री देवळाच्या बाजूला उभी राहायची, चालक-वाहक ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपायचे आणि पावणेसातला गाडी पुन्हा निघायची. ही गाडी मी नोकरीला लागले तेव्हापासूनची. साडेसातला ती बाजारपेठेत माध्यमिक शाळेच्या मुलांना उतरवायची आणि सव्वाआठला तालुक्याला कॉलेजची व आयटीआयची मुले, दवाखान्याची माणसे आणि कोर्ट-कचेरीचे लोक यांना पोहोचवायची. घरात वेळ सांगताना ‘गाडी सुटायच्या आधी’ आणि ‘गाडी गेल्यावर’ असे म्हणायची सवय होती. मार्च 2020 च्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी ती गेली आणि परत आली नाही.

त्यानंतर सर्वत्र टप्प्याटप्प्याने गाड्या सुरू झाल्या. 22 मे 2020 पासून जिल्ह्यांतर्गत वाहतूक निम्म्या आसनांवर सुरू झाली, 20 ऑगस्टपासून जिल्ह्याबाहेरची सुरू झाली, सप्टेंबरात गाड्या पूर्ण आसनक्षमतेने धावू लागल्या. कागदावर पाहिले तर एसटी पूर्ववत होऊन वर्ष उलटून गेले आहे. आमच्याकडे मात्र जानेवारी 2021 पासून दिवसातून एकच फेरी येते. ती सकाळी अकराला येते आणि लगेच परत जाते. अकराच्या गाडीने कोणी शाळेत जात नाही, कोणी कामाला जात नाही, आणि दवाखान्यात गेलेल्या माणसाला परतीची गाडी नाही. साहजिकच ती गाडी रिकामी येते आणि रिकामी जाते. महिनोन्महिने तिचे भारमान लिहिले गेले, आणि तेच भारमान दाखवून आता आम्हाला वस्तीची गाडी नाकारली जात आहे. शाळा बंद असताना, शाळेच्या वेळेवर नसलेल्या गाडीत शाळेची मुले किती बसली हे मोजून काढलेला हा आकडा आहे. मी गणित शिकवलेले आहे. अशा उदाहरणाला मी शून्य गुण दिले असते.

गाडी नाही म्हणून मुले काय करतात, तेही आपणांस कळावे. ज्यांना परवडते ती वडापने, म्हणजे माणसे भरून नेणाऱ्या खाजगी गाडीने, जातात. एका वेळचे 30 रुपये, म्हणजे दिवसाचे 60, महिन्याला शाळेचे 24 दिवस धरले तर 1,440 रुपये. रोजगार हमीची मजुरी यंदा (2021-22) दिवसाला 248 रुपये आहे. म्हणजे एका मुलाच्या येण्याजाण्यासाठी महिन्यातली जवळजवळ सहा दिवसांची मजुरी, आणि घरात दोन मुले असली तर बारा दिवसांची. एसटीत विद्यार्थ्यांना पासात सवलत आहे आणि ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून शाळेसाठी मोफत प्रवास आहे. माझ्या नातीकडे गेल्या वेळचा तो पास अजून आहे, दप्तराच्या पुढच्या कप्प्यात. फुकट प्रवासाची सोय शासनाने केली आहे, नाही ती फक्त गाडी.

ज्यांना वडाप परवडत नाही ती चालतात. वाटेत एक पऱ्या, म्हणजे ओढा, आहे. त्यावरचा साकव, म्हणजे लहान पूल, 22 जुलैच्या पुरात एका बाजूने खचला. आता मुले दगडांवरून पलीकडे जातात. सप्टेंबरअखेर पाऊस थांबला असे वाटत असताना परतीचा पाऊस सुरू झाला, आणि पऱ्याला पाणी असेल त्या दिवशी शाळेला सुट्टी असे मुलांनीच ठरवून टाकले आहे. पलीकडच्या रानात बिबट्या आहे. तो कोणाला काही करत नाही असे मोठी माणसे सांगतात, पण पहाटे साडेपाचला तेरा वर्षांच्या मुलीला त्या सांगण्याचा उपयोग नसतो.

सात मुलींपैकी एक आता येत नाही. ती दहावीत आहे. गेल्या दीड वर्षात वडिलांचे मुंबईतले काम गेले, आणि तेही गावीच आहेत. तिची आई मला म्हणाली, ‘बाई, रोज साठ रुपये घालवून तिला शाळेत पाठवू, का काजूच्या कारखान्यात पाठवून दोनशे आणू?’ कारखान्याचा टेम्पो माणसे न्यायला सकाळी सातला वाडीच्या तोंडाशी येतो, हेही ओघाने लिहिते. कारखान्याला भारमान मिळते. ती मुलगी अजून शाळेच्या पटावर आहे, म्हणजे शासनाच्या दृष्टीने शाळाबाह्य नाही. परीक्षेचा अर्ज भरलेला दिसला नाही की मग तिची नोंद होईल.

शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असे आहे. नववीपासून पुढे अंतराचा नियमच नाही. वस्तीची गाडी हाच आमचा नववी-दहावीचा नियम होता, एवढे म्हटले तरी पुरे.

गावातल्या शाळेविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्यातला विनोद सांगायला फार शब्द लागत नाहीत. आमची शाळा पहिली ते सातवी. एकूण मुले चौदा, शिक्षक दोन. पाचवी ते सातवीची पाच मुले आता शाळेत येतात. पहिली ते चौथीच्या नऊ मुलांना अजून परवानगी नाही. वर्गात पाच मुले बसतात आणि त्यांची धाकटी भावंडे खिडकीच्या गजांना धरून बाहेर उभी असतात. संध्याकाळी हीच चौदा मुले एकाच खळ्यात खेळतात आणि रात्री एकाच घोंगडीत झोपतात. शहरातल्या साठ मुलांच्या वर्गाची भीती मी समजू शकते. ती भीती आमच्या नऊ मुलांना लावू नये. गेल्या वर्षी दूरदर्शनवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. ती चांगली होती, पण आमच्याकडे वीज असेल तेव्हाच पाहता आली. फोनवरच्या वर्गांसाठी मुले सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, रेंज शोधत फिरली. त्यानंतर मीच माझ्या पडवीत रोज दोन तास या लहानग्यांना बसवते. दुसरीतल्या मुलाने अजून शाळेचा वर्ग आतून पाहिलेला नाही. त्याला ळ लिहिता येत नाही, आणि त्याचे त्याला काही वाटतही नाही, हे मला जास्त लागते.

आरोग्य उपकेंद्राचे तर कुलूपच गंजले आहे. आमच्या नर्सबाईंना 2020 मध्ये तालुक्याच्या कोविड केंद्रात नेले आणि नंतर लसीकरणाला लावले. दोन्ही कामे महत्त्वाची होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण दर महिन्याला बाळांना लस देण्याचा दिवस, गरोदर बायकांची तपासणी, आणि रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या, हे सगळे उपकेंद्रावर मिळत होते ते थांबले आणि अजून नीट सुरू झालेले नाही. आमच्या शेजारचे आजोबा गोळ्या पुरवून खायचे. तालुक्याला जायला गाडी नाही, रिक्षाला आठशे रुपये, म्हणून एक गोळी अर्धी करून दोन दिवस. सप्टेंबरात त्यांचे डावे अंग लुळे पडले. हा मृत्यू नाही आणि कोविडही नाही, त्यामुळे आपल्या कोणत्याही तक्त्यात तो येणार नाही. सध्या 8 ते 14 ऑक्टोबर या काळात राज्यभर ‘कवच कुंडल’ मोहीम चालू आहे. लसीकरणासाठी गावात गाडी येते, पथक येते, टेबल मांडले जाते. त्याच पथकाबरोबर गोळ्यांची एक पेटी आणि रक्तदाब मोजायचे यंत्र का येऊ शकत नाही, हा प्रश्न मी पथकातल्या डॉक्टरांनाही विचारला. ते म्हणाले, ‘बाई, आम्हाला आदेश लसीचा आहे.’ त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही, कारण आदेश खरोखरच तेवढाच होता.

शाळेचे वीजबिल ही लहान गोष्ट आहे, पण तीही लिहून ठेवते. 2020 चा उन्हाळा-पावसाळा आणि पुन्हा मे-जून 2021, असा दोनदा शाळेत विलगीकरण कक्ष होता. मे 2021 च्या अखेरीस गृहविलगीकरण बंद करण्याचे ठरले तेव्हा पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून गावातच कक्ष उभारा असे सांगण्यात आले, आणि आम्ही उभारला. पंखे, दिवे, पाण्याचा पंप यांचे बिल शाळेच्या नावावर आले. ते ग्रामपंचायतीने भरायचे, शिक्षण विभागाने की आपत्ती निधीतून, हे न ठरल्यामुळे थकले, आणि ऑगस्टमध्ये शाळेची वीज तोडली गेली. आज शाळा सुरू आहे आणि संगणक झाकून ठेवलेला आहे.

आणखी एक विषय थेट आपल्या प्राधिकरणाचा आहे. 4 ऑक्टोबरलाच, म्हणजे आमच्या मुली बॅटऱ्या घेऊन निघाल्या त्याच दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने कोविडने मृत्यू झालेल्यांच्या वारसांना 50,000 रुपये देण्याच्या मार्गदर्शक सूचनांना मान्यता दिली. हे साहाय्य जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणामार्फत द्यायचे आहे. आमच्या खालच्या वाडीत मे महिन्यात एक बाई गेल्या. 16 मेच्या तौक्ते वादळाने रस्त्यावर झाडे पडली होती, वीज नव्हती, फोन लागत नव्हता. त्यांना सहा दिवस ताप होता. आशाताईंनी बोटाला यंत्र लावून पाहिले तेव्हा ऑक्सिजन 82 होता, आणि तो आकडा, तारीख व वेळ त्यांच्या वहीत लिहिलेली आहे. झाडे तोडून रस्ता मोकळा होईपर्यंत बाई गेल्या. चाचणी झालीच नाही, त्यामुळे मृत्यूच्या दाखल्यावर कोविड नाही. घरात त्याच आठवड्यात तिघांना ताप होता, पुढे त्यातल्या दोघांची चाचणी सकारात्मक आली. या बाईंच्या मुलाने अर्ज कुठे आणि कसा करायचा, आणि आशाताईंच्या वहीला कागदपत्र मानले जाईल की नाही, हे अर्ज सुरू होण्याआधीच ठरवले गेले पाहिजे. अर्ज फेटाळल्यावर ठरवून उपयोग नाही. आणि या आशाताईंविषयी बोलायचे तर, त्यांना आपल्या मानधनासाठी जूनमध्ये राज्यभर आठ-नऊ दिवस संप करावा लागला होता, हेही आपणांस ठाऊक आहेच.

आठवडी बाजाराबद्दल मी काही मागत नाही. तो आपोआप भरू लागला आहे, कोणाच्या आदेशाची वाट न पाहता.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. वस्तीची गाडी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू होईल त्या दिवसापासून पूर्वीच्या वेळेवर द्यावी आणि किमान 31 मार्चपर्यंत तिचे भारमान न मोजता ती चालवावी. त्यानंतर मोजावे आणि तो आकडा ग्रामपंचायतीला लेखी कळवावा. ही बाब आगाराच्या नफ्यातोट्याची आहे असे उत्तर आम्हाला देऊ नये. टाळेबंदीत गाडी बंद करण्याचा आदेश आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली निघाला होता, तेव्हा ती पुन्हा सुरू करून घेण्याची जबाबदारीही आपत्ती व्यवस्थापनाकडेच येते. गाडी येईपर्यंत माध्यमिक शाळा साडेसातऐवजी साडेदहाला भरवण्यास शाळेला परवानगी द्यावी, म्हणजे मुलांना उजेडात निघता येईल. खचलेला साकव भातकापणी संपताच दुरुस्त व्हावा, त्यासाठी श्रमदानाला आम्ही तयार आहोत, साहित्य तेवढे मिळावे.

वीसपेक्षा कमी पट असलेल्या गावशाळांत पहिली ते चौथीचे वर्ग सुरू करण्याचा निर्णय जुलैप्रमाणेच सरपंचांच्या समितीवर सोपवावा, यासाठी आपण शासनाकडे लेखी शिफारस करावी. उपकेंद्र कोणत्या वारी आणि किती वाजता उघडे असेल ते दारावर लिहावे, आणि त्या वारी ते उघडावे. शाळेचे थकलेले बिल आपत्ती निधीतून भरावे. मृत्यूच्या साहाय्यासाठी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रावर एक दिवस आपला माणूस बसवावा आणि चाचणी न झालेल्या मृत्यूंच्या बाबतीत आशाताईंची नोंदवही व वैद्यकीय अधिकाऱ्यांचे पत्र जिल्हास्तरीय समितीपुढे ठेवण्याची मुभा द्यावी.

शेवटची मागणी पुढच्या वेळेसाठी आहे, कारण तिसऱ्या लाटेविषयी रोज ऐकतो आहोत. पुन्हा बंद करण्याची वेळ आली तर आम्ही पुन्हा उभे राहू, मात्र उघडण्याचा आदेश काढण्यापूर्वी त्याचा मसुदा निदान तालुक्यातल्या पाच-सहा ग्राम कृती दलांना वाचायला द्यावा. दुकान चारला बंद करण्याचा नियम आम्हाला दाखवला असता तर पाच मिनिटांत त्यातली अडचण सांगता आली असती.

या पत्राची प्रत आगारप्रमुख, तहसीलदार, गटशिक्षणाधिकारी आणि तालुका आरोग्य अधिकारी यांना दिली आहे. आपले उत्तर आले की ते गावच्या पिकअप शेडमध्ये चिकटवू. तिथे मार्च 2020 चे वेळापत्रक अजून लावलेले आहे, आणि त्यात सकाळी 6.45 च्या समोर आमच्या गावाचे नाव आहे.

आपली विश्वासू,

एक सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका,
सदस्य, ग्राम कृती दल
12 ऑक्टोबर 2021